पाचवा खड्डा

४ नोव्हेंबर

खोली मिळाली, आणि खोलीला खिडकी आहे. खिडकीतून खाली वाळवणीची शेड दिसते. जाळीच्या चौकटी एकावर एक, त्यांवर पानं पसरलेली. सावलीतच वाळवायची, उन्हात पानातलं जे हवं तेच उडून जातं. हे सरांनी मी बॅग खाली ठेवायच्या आत सांगितलं. मला बरं वाटलं. चहापाण्याआधी कामाचं बोलणारा माणूस मला आवडतो.

लॅब खाली, खोली वर, मधे आतला जिना. आईला फोनवर सांगितलं की आता अनवाणीसुद्धा कामावर जाता येईल. ती म्हणाली, चपला घाल गं बाई, तिथे काय काय सांडलेलं असेल. मग म्हणाली, पर्मनंट कधी करणार ते विचारलंस का.

माणसं मोजकी. सर, आणि काचेची भांडी धुणाऱ्या मावशी. मावशींनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, अंगावर मूठभर मांस नाही, घरी जेवायला घालत नव्हते का. शेजारच्या इमारतीतले रसायनवाले आम्हाला शेळ्या म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. दिवसभर पाल्यात तोंड, म्हणून. मनावर घेऊ नकोस, म्हणाल्या. शेळी निदान दूध तरी देते, ते काय देतात?

खुंटीला आधीच्या मुलीचा ॲप्रन होता. ती दुसरीकडे लागली, असं सर म्हणाले. मला अगदी मापात बसला. खिशात चावलेली पेन्सिल मिळाली. टाकली नाही.

७ नोव्हेंबर

कामाची रीत बसली. पान वाळवायचं, कुटायचं, पूड स्पिरिटमध्ये भिजत घालायची, गाळायची. हिरवट काळा अर्क हाती येतो. काचेच्या चपट्या प्लेटमध्ये खळीसारखा थर ओतायचा, तो थिजला की त्यावर बुरशी पसरायची. मग स्टीलचा ठसा दाबायचा. ठशाला पाच नळ्या, म्हणून पाच खड्डे पडतात. चारांत अर्क, पातळ ते दाट. पाचवा रिकामा. प्लेट उबेच्या पेटीत ठेवायची. दोन दिवसांनी बुरशी सगळीकडे माजलेली असते. अर्काने जिथे तिला रोखलं असेल तिथे खड्ड्याभोवती स्वच्छ वलय उरतं. वलय जितकं रुंद तितकं औषध खरं.

सरांची वलयं देखणी आहेत. नाणं ठेवून आखल्यासारखी.

पाचवा रिकामा का, असं मी विचारलं. ठसा पाचाचाच मिळतो, म्हणाले.

बुरश्या तीन. त्यांची खरी नावं मावशींच्या तोंडात बसत नाहीत, म्हणून त्यांनी आपली ठेवली आहेत: थोरली, मधली, धाकटी. आता सरसुद्धा तसंच म्हणतात. मधली आणि धाकटी गरीब आहेत. थोरली एका दिवसात प्लेट भरते. आधी पिंजलेल्या कापसासारखी, मग त्या कापसाला काळे ठिपके येतात, खसखशीएवढे. तिचं झाकण श्वास रोखून उघडायचं.

१० नोव्हेंबर

सरांबरोबर हॉस्पिटलात गेले होते. तिथल्या एका वॉर्डात थोरलीच्याच जातीची बुरशी झालेले पेशंट आहेत. नाकातून शिरते, गालात उतरते, डोळ्याकडे जाते. खरं औषध सलाइनमधून देतात, त्याने हुडहुडी भरते आणि किडनीवर ताण येतो. पण जीव वाचतो. पुढच्या महिन्यात यांतल्या काहींचं सलाइन काढून त्यांना आमचा पाला द्यायचा आहे. मलम आणि नाकात सोडायचा अर्क. आमचा रिपोर्ट तेवढा आधी पोचायला हवा.

खिडकीजवळच्या खाटेवर कपडे शिवणाऱ्या एक बाई आहेत. एका डोळ्यावर पट्टी. मी कळवळून काहीतरी बोलले, तर म्हणाल्या, सुई ओवताना तसाही एक डोळा मिटावाच लागतो, माझी मेहनत वाचली. आमच्या पाल्यासाठी पहिलं नाव त्यांनीच दिलंय. या हुडहुडीतून सोडव गं पोरी, म्हणाल्या.

परत येताना वाटलं, योग्य जागी आले.

१३ नोव्हेंबर

आज पाचव्या खड्ड्यात नुसतं स्पिरिट घातलं. मुद्दाम असं नाही. कॉलेजात सवयच लावली होती: ज्यात भिजवलं ते आधी तपासा. सरांना सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं.

१६ नोव्हेंबर

काल पाहिलं, पाचव्या खड्ड्याभोवती वलय आहे. बाकीच्या चारांएवढंच.

कालच पुन्हा केलं, थोरलीवर; ती एका दिवसात प्लेट भरते. या वेळी अर्कातलं स्पिरिट पंख्याखाली पूर्ण उडू दिलं, उरलेला चिकट साका पाण्यात कालवून भरला. आज दुपारी झाकण उघडलं. वलय नाही. एकही नाही. थोरली चारही खड्डे ओलांडून गेलेली, अर्क प्यायल्यासारखी.

पाला काही करत नाही. जे करतं ते स्पिरिट. आणि मलमात किंवा नाकात सोडायच्या अर्कात स्पिरिट नसतं, ते आधी उडवून टाकतात.

१७ नोव्हेंबर

सरांना सांगितलं. मला वाटलं होतं ते हादरतील. ते हसले. नवी सून आली की आधी डबे उघडून बघते, म्हणाले. बघू दे बापडी. पण काय रांधायचं ते तिने सांगायचं नसतं. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, की रिपोर्टवर दोन सह्या लागतात, एक त्यांची आणि एक माझी. त्या झाल्या की मी पर्मनंट. पाचवा खड्डा रिकामा ठेवत जा. ज्याची गरज नाही ते भरू नये.

मी शिवणाऱ्या बाईंबद्दल बोलले. त्या आधीपासूनच अर्ध्या गेलेल्या आहेत, म्हणाले.

माझ्या प्लेट त्यांनी स्वतः उचलून नेल्या आणि उकळत्या पाण्यात टाकल्या.

१९ नोव्हेंबर

मावशींना विचारलं, आधीची मुलगी कुठे लागली. त्यांनी हातातली नळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, कुठे लागायची, बाळ? मेली ती.

तिनेही पाचवा खड्डा भरला होता. तिनेही सरांना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सरांनी तिला पोत्यांतला ओला, काळा पडलेला पाला निवडायला बसवलं. तोंडाला फडकं बांधायला दिलं नाही, वास ओळखता यायला हवा म्हणून. आठवड्यात तिचा गाल सुजला. खरं औषध खालीच होतं, तुलनेसाठी आणलेली बाटली, फ्रिजमध्ये. पण फ्रिजला कुलूप आणि किल्ली सरांच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीला. तिने मागितली. सर म्हणाले, आपल्या माणसाने आपल्या पाल्यावर भरवसा ठेवावा. रोज सकाळी ते स्वतः येऊन तिच्या नाकात अर्क सोडत. हॉस्पिटलात नेलं तर बोभाटा होईल, म्हणून जिन्याचं दार बाहेरून लावून घेत.

याच जिन्याचं. याच खोलीत.

ती दारावर थापा मारायची, मावशी म्हणाल्या. मी ऐकायचे आणि नळ मोठा सोडायचे.

शेवटी सरांनी तिच्या गालातून खरवडून घेतलं आणि प्लेटवर पसरलं. इतकी जोमदार जात कुठे मिळणार, म्हणाले. ती घरात बहिणींत मोठी होती. म्हणून मावशी त्या प्लेटला थोरली म्हणतात.

२१ नोव्हेंबर

सकाळी जाग आली तेव्हा भिंतीवर कापूस होता.

चारही भिंती, छत, फरशी. खुर्चीवर, बॅगेवर, काल ठेवलेल्या ब्रेडवर. पांढरा, हलका, खिडकीतून वारा आला की लवणारा. पण खाटेभोवती काही नाही. खाट मधे, आणि तिच्याभोवती मोकळी, स्वच्छ फरशी. गोल. नाणं ठेवून आखल्यासारखी.

मी उठून कडेला गेले. कापूस मागे सरकला. मी थांबले, तो थांबला. ब्रेडचा तुकडा पाहिला: सगळा भरलेला, फक्त माझी बोटं लागली होती तिथे चार मोकळे ठसे.

किंचाळायला हवं होतं. तसं झालं नाही. प्लेटमध्ये असं वलय कशाभोवती उरतं ते मला माहीत आहे.

दुपारपर्यंत सगळं विरून गेलं. मावशींना बोलावून दाखवावं इतकंही उरलं नाही.

२३ नोव्हेंबर

सरांच्या खुर्चीच्या हातांवर काळे ठिपके. सरांच्या चष्म्याच्या दांडीला पांढरी लव. सरांच्या कपाच्या कानाला. मावशी घासतात, सकाळी पुन्हा असतं. त्या म्हणाल्या, हे पावडरने जाणारं नाही. म्हणताना त्यांचा चेहरा उजळला होता.

सर रुमाल नाकाला लावून बसतात. सर्दी, म्हणाले.

माझं वलय वाढतंय. आज दारापर्यंत होतं. थोरलीला कळतं, कोण कुठे उभं आहे ते. मी सही करणार नाही, हे मी अजून सरांना सांगितलेलं नाही; तिला सांगावं लागलं नाही.

मला बरं वाटतंय. ते लिहून ठेवते.

२५ नोव्हेंबर

सरांचा डावा गाल सुजलाय. त्यांनी दार लावून मला समोर बसवलं. हॉस्पिटलात जाता येणार नाही, म्हणाले. पालावाल्यानेच सलाइन लावून घेतलं तर रिपोर्ट कोण वाचणार. गळ्यातली दोरी काढून किल्ली माझ्या हातात दिली. फ्रिजमधल्या बाटलीतलं पिचकारीत भरून आण, रोज नाकात सोड. कुणाला बोलू नकोस. पोरी म्हणाले मला. पहिल्यांदाच.

मी खाली गेले. फ्रिज उघडला. बाटली पिवळी, थंड, तळहाताएवढी. आधीच्या मुलीच्या वेळीही ही बाटली इथेच होती आणि वर दारावर थापा पडत होत्या.

सगळं औषध सिंकमध्ये ओतलं. वरून नळ मोठा सोडला. पाल्याचा अर्क चौपट पाण्यात पातळ केला की तसाच पिवळा दिसतो. बाटलीत तो भरला, बाटलीतून पिचकारीत.

मावशी भांडी पुसत होत्या. त्यांनी पाहिलं. नळ थोडा आणखी मोठा केला.

२८ नोव्हेंबर

सरांचा डावा डोळा मिटला. पापणी काळी. सर आता लॅबमागच्या कोठीतच झोपून असतात. मी सकाळी जाते, नाकात सोडते, दार लावून घेते.

आज त्यांना वास आला. पाल्याचा. बारा वर्षं त्यांनी तोच वास घेतलाय. माझ्याकडे उरलेल्या डोळ्याने पाहत राहिले.

मी म्हटलं, आपल्या माणसाने आपल्या पाल्यावर भरवसा ठेवावा.

हे मी आधी ठरवलं नव्हतं. आपोआप आलं, अगदी सरांच्या चालीत.

३० नोव्हेंबर

गेले. वॉर्डातले डॉक्टर येऊन बघून गेले. उशीर केला, म्हणाले. स्वतःच्या औषधावर इतकी श्रद्धा असलेला माणूस पाहिला नाही.

वर आले. खोली स्वच्छ. कुठे एक धागा नाही. ॲप्रन खुंटीला लावला, त्याच्या बाहीवरून हात फिरवला. म्हटलं, झालं गं.

निवांत झोप लागली.

२ डिसेंबर

संस्थेच्या अध्यक्षबाई आल्या होत्या. सरांच्या फोटोला हार घालून झाल्यावर सरांच्या खुर्चीकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, बस ना, अशी पाहुण्यासारखी का उभी. रिपोर्ट उद्या जायला हवा. दोन्ही जागी तुझीच सही चालेल, म्हणाल्या, सरांच्या जागेवर आता तूच.

मी म्हटलं, पाल्यात काही नाही. त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी सावकाश विचारलं की फ्रिजमधली बाटली एकदा तपासायला पाठवू या का. किल्ली शेवटी कुणाकडे होती, म्हणाल्या.

मी खुर्चीवर बसले.

आईचा फोन आला. तिने शेजारणींना सांगूनही टाकलंय. एवढ्या लवकर साहेब झालीस, म्हणाली. तुझ्या बाबांना बघायला मिळायला हवं होतं.

३ डिसेंबर

सही केली. दोन्ही जागी.

प्लेटचं चित्र काढलं. चार वलयं. पाचवा खड्डा रिकामा दाखवला.

नाही केली तर मी आत जाईन. मी कुणासाठी केलं होतं ते? तिच्यासाठीच ना. तिला कळेल.

४ डिसेंबर

सकाळी कापूस परत आलाय. वलय आहे. पण खाटेच्या पायापर्यंतच.

उतरताना पाय कडेवर पडला. मागे सरकला नाही. ओला होता.

मावशींना सांगितलं. त्यांनी विचारलं, सही केलीस? मी हो म्हटलं. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, मग मी काय करू, बाळ.

५ डिसेंबर

वॉर्ड. शिवणाऱ्या बाईंचं सलाइन काढलं. नाकात पाला. बाई म्हणाल्या, बघ, हुडहुडी नाही, काही नाही. माझा हात धरला. तुझं पोर होईल तेव्हा झबलं मी शिवणार.

त्यांच्या पट्टीखालून काळं ओघळत होतं.

कुणाला काही बोलले नाही. वाटेतही तेच, डॉक्टर समोरून आले, मी नुसती मान—

वलय उशीएवढं. गुडघे पोटाशी घेऊन बसलेय.

६ डिसेंबर, सकाळ

नाकात दुखतंय. रुमालावर काळा ठिपका. खसखशीएवढा.

खाली गेले, भिंत धरून. फ्रिज. बाटली आहे. पिवळी. झाकण काढलं— पाल्याचा वास.

मीच भरली होती.

हॉस्पिटलला फोन लावला. उचलला. काय होतंय विचारलं. सांगायचं म्हणजे कुठून लागली, कुठली जात, पाला का चालत नाही— ठेवून दिला.

दुपार

वर येऊन पडले होते. आता जिन्याचं दार उघडत नाही. बाहेरून कडी नाही. मावशी खालून ओरडून शपथेवर सांगतात, कडी नाही, पलीकडून नुसता कापूस आहे, दाट, गादीसारखा. मी थापा मारल्या.

नळाचा आवाज आला. आणि मग बंद झाला.

मावशी दाराशी आल्या. बोलल्या, ऐकतेय मी, पोरी. या वेळी ऐकतेय. काय सांगायचं ते लिही, दाराखालून सरकव, मी वॉर्डात नेऊन देते.

ही वही सोडून कागद नाही. बाकीचे सगळे कागद कापसाने पांढरे—

नंतर

हात कापसाने भरलाय मनगटापर्यंत. दुसऱ्या हाताने लिहितेय. चावलेली पेन्सिल.

लिहिलं: सरांना मी मारलं. काही हललं नाही. तिला त्याचं काही नाही.

लिहिलं: पाल्यात औषध नाही.

मागे सरकली. बोटभर. पेन्सिलीच्या टोकाभोवती कागद स्वच्छ झाला. गोल.

म्हणजे हे हवंय तिला. हेच हवं होतं पहिल्यापासून, सर नव्हेत, मी मूर्ख—

वॉर्डातल्या डॉक्टरांसाठी. खिडकीजवळच्या बाईंचं सलाइन आत्ता परत लावा. आत्ता. पाला थांबवा सगळ्यांचा. वलयं स्पिरिटची आहेत, पानाची नाहीत. पटत नसेल तर पाचव्या खड्ड्यात नुसतं स्पिरिट भरून बघा, दोन दिवस, तेवढंच वलय येईल. आधीच्या मुलीने भरलं होतं. मीही भरलं होतं.

मनगट सुटलं. खाट दिसतेय. दार

दार दिसतंय. थोडं उरलंय. कागदाखाली नाव हवं, नाहीतर कोण मानेल हे. ती थांबलीय. कडेला, चहूबाजूंनी. वाट बघतेय.

नाव लिहिलं की मी आत जाणार. आई— शेजारणींना सांगितलंय तिने—

नावाशिवाय दिलं तर? मावशी विश्वासाच्या आहेत. त्या सांगतील कुणी लिहिलं ते. हस्ताक्षरावरून

सरकतेय. नाही. नाही, लिहिते, थांब, लिहिते ना गं—

दोन्ही सह्या माझ्या आहेत. माझं नाव